इंटरनेटच्या पत्त्यांची नोंदवही आणि मुदतीचा प्रश्न

कोणत्याही नोंदवहीला दोन कामे असतात. एक नोंद करण्याचे, आणि दुसरे केलेली नोंद खरी ठेवण्याचे. पहिल्या कामाकडे सर्वांचे लक्ष असते, कारण नोंद झाल्याखेरीज हाती काही पडत नाही. गाडीला क्रमांक मिळत नाही, इंटरनेटवर पत्ता मिळत नाही. दुसऱ्या कामाकडे मात्र लक्ष देण्यास कोणी राजी नसतो. हवे ते हाती आले की मग घर बदलले, फोन बदलला, संस्थेचे नावही बदलले, तरी ते कळविण्याची घाई कोणाला होत नाही. म्हणूनच बहुतेक नोंदवह्यांच्या नियमांत "बदल अमुक दिवसांत कळवावा" असे एक कलम असते. हे कलम दिसावयास कारकुनी असले, तरी ते दिवस किती असावेत हा प्रश्न वाटतो तितका कारकुनी नाही. प्रस्तुत लेखात त्याचा विचार इंटरनेटच्या पत्त्यांच्या संदर्भात करावयाचा आहे. राज्यशास्त्र व लोकप्रशासन या विषयांच्या विद्यार्थ्यांना तो उपयोगी पडावा. कारण येथे सर्व जगाला लागू असा कायदा करणारी कोणतीही संसद नाही, आणि तरीही जगभर बऱ्याच अंशी पाळले जाणारे नियम आहेत.

प्रथम पत्ता म्हणजे काय ते पाहू. इंटरनेटला जोडलेल्या यंत्राला एक क्रमांक लागतो. १९८१ च्या सप्टेंबरात जी पद्धत लेखी ठरली, तिच्यात हा क्रमांक शून्य व एक या दोनच चिन्हांनी लिहिलेला, बत्तीस स्थानांचा असतो. म्हणजे एकंदर क्रमांक ४,२९,४९,६७,२९६ इतकेच. त्या वेळी ते कधी संपतील असे फारसे कोणाच्या मनात आले नाही. पुढे एकशे अठ्ठावीस स्थानांची नवी पद्धत आली, परंतु जुनी अद्याप गेलेली नाही. दोन्ही शेजारी शेजारी नांदत आहेत. हे क्रमांक माणसांच्या ध्यानात राहात नाहीत, म्हणून त्यांच्यावर नावांचा एक थर चढविलेला आहे. आपण संकेतस्थळाचे नाव टंकतो आणि यंत्र त्यावरून क्रमांक शोधून काढते. क्रमांकांची नोंदवही वेगळी, नावांची वेगळी. दोहोंचे नियमही वेगळे.

क्रमांक सुटे दिले जात नाहीत, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावयास हवी. शेतजमिनीच्या भाषेत सांगावयाचे तर आधी मोठा गट दिला जातो आणि मग त्याचे पोटहिस्से पडतात. इंटरनेट पुरविणारी कंपनी गट घेते. त्यातील काही क्रमांक एखाद्या बँकेला, काही रुग्णालयाला, काही महाविद्यालयाला देते. गटाची नोंद एकदा होते व पुष्कळ वर्षे टिकते. पोटहिस्से मात्र सारखे बदलत असतात, आणि नोंदी शिळ्या होतात त्या मुख्यतः तेथे.

आरंभी हे सारे फार लहान होते. क्रमांकांचा हिशेब कॅलिफोर्नियातील जॉन पोस्टेल हे गृहस्थ ठेवीत असत. कोणता क्रमांक वा कोणते नाव कोणाचे, हे विचारण्याची सोय स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील एका माहिती केंद्रात होती. एलिझाबेथ फाइन्लर या बाई ते केंद्र चालवीत. विचारण्याच्या या रीतीला 'हूइज', म्हणजे "कोण आहे?", असे नाव पडले आणि १९८२ साली तिचे नियम लिहिले गेले. वापरणाऱ्या संस्था थोड्या आणि बहुतेकांची परस्परांशी ओळख, अशा त्या जगात मुदतीचे कलम नसले तरी अडत नव्हते. माणसे वाढली तेव्हा वहीचे खंड करावे लागले. १९९२ साली युरोपासाठी 'राइप' ही संस्था निघाली, १९९३ साली आशिया व प्रशांत महासागराच्या प्रदेशासाठी 'ॲपनिक', १९९७ साली उत्तर अमेरिकेसाठी 'आरिन', २००२ साली लॅटिन अमेरिकेसाठी 'लॅकनिक' आणि २००५ साली आफ्रिकेसाठी 'आफ्रिनिक'. भारत 'ॲपनिक'च्या क्षेत्रात येतो; त्या संस्थेची कचेरी ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे आहे. २०१२ पासून तिच्या अंतर्गत 'आयरिन' ही भारताची स्वतंत्र निबंधक व्यवस्था काम करते. नावांच्या व्यवहारावर 'आयकॅन' या संस्थेची देखरेख असते.

आता ही वही उघडून पाहतो कोण? सामान्य वाचक पाहात नाही. पाहतो तो दुसऱ्या जाळ्याचा व्यवस्थापक, आणि तोही बहुधा रात्री अपरात्री. त्याच्या यंत्रांवर कोठून तरी हल्ला चालू असतो. हल्ला ज्या क्रमांकांवरून येतो ते क्रमांक त्याला दिसत असतात. ते कोणाच्या ताब्यात आहेत व कोणाला कळवावे, एवढेच त्याला हवे असते. पुष्कळदा ज्याच्या यंत्रावरून हल्ला होतो त्याला त्याची वार्ताही नसते, कारण त्याचे यंत्र तिसऱ्याच कोणी बळकावलेले असते. अशा वेळी नोंदीतील गृहस्थ तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेला असेल तर निरोप पोचत नाही आणि दोघांचेही नुकसान होते. शिळ्या नोंदीचा पहिला बळी नोंदणाराच असतो, हे नियम करणाऱ्यांनी लोकांना पुरेसे सांगितलेले नाही असे मला वाटते.

पोलीसही वही पाहतात. क्रमांकावरून माणूस शोधताना चूक झाली की ती कोणाच्या दाराशी जाऊन पडते, याचे एक उदाहरण अमेरिकेतील कॅन्सस राज्यात घडले. क्रमांकावरून ठिकाण सांगण्याचा व्यवसाय करणाऱ्या एका कंपनीपाशी पुष्कळ क्रमांकांबद्दल "अमेरिकेत कोठेतरी" याहून अधिक माहिती नव्हती. तिने त्या सर्वांना देशाच्या मध्याजवळचा, ३८ अक्षांश व ९७ रेखांश असा सोयीचा बिंदू देऊन टाकला. तो बिंदू पॉटविन गावाजवळच्या एका शेतघराच्या आवारात पडत होता. २०१६ साली ही गोष्ट वार्ताहरांनी उजेडात आणली तेव्हा त्या एका बिंदूवर साठ कोटींहून अधिक क्रमांक टांगलेले होते. तोवर कित्येक वर्षे त्या घरी पोलीस येत होते, करखात्याचे लोक येत होते, पळून गेलेल्या मुलांचा शोध करणारे येत होते. कंपनीने मग तो बिंदू उचलून एका तळ्यात नेऊन ठेवला. ही चूक मूळ नोंदवहीची नव्हती, ठिकाणांच्या एका खाजगी यादीची होती, हे खरे. पण अपुऱ्या नोंदीवर लोक पुरी नोंद असल्यासारखा विश्वास टाकतात, एवढे तिच्यावरून दिसते. आणि शिळ्या नोंदीचे तसेच असते. आपल्याकडे जमिनीच्या हक्कनोंदणीतील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानावी असे १९६६ चे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता सांगते. इंटरनेटच्या वहीबद्दल असे गृहीतक कायद्याने कोणी घातलेले नसताना व्यवहारात लोक तसेच वागतात.

तिसरे कारण पैशाचे आहे. २०११ च्या फेब्रुवारीत जुन्या पद्धतीच्या क्रमांकांचे मध्यवर्ती कोठार रिकामे झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'ॲपनिक' अखेरच्या राखीव साठ्यावर आली. २०१५ च्या सप्टेंबरात 'आरिन'चा मुक्त साठा संपला. तेव्हापासून जुन्या गटांना बाजारभाव आला. ज्यांचे धनी कोण हे वहीवरून कळत नाही, असे जुने गट बळकावणे हा मग एक धंदाच झाला. नोंदीतील ईमेल ज्या नावावर चालत होता ते नाव नूतनीकरणाअभावी सुटले, की चोर ते विकत घेतो, त्याच ईमेलवरून निबंधकाला पत्र लिहितो आणि आपणच धनी असल्याचे भासवितो. नोंद वेळेवर दुरुस्त झाली असती तर ही वाट मिळाली नसती.

नोंद ताजी हवी हे मान्य केले, तर मग मुदत किती? सर्वांत सोपे उत्तर "ताबडतोब" हे होय, आणि नियम करणाऱ्यांनी प्रथम तेच दिले. 'आयकॅन'ने नावांची विक्री करणाऱ्या निबंधकांशी २००१ साली जो करार केला, त्यात नाव धारण करणाऱ्याने बदल तत्परतेने कळवावा अशा अर्थाचा शब्द होता. तत्परतेने म्हणजे किती दिवसांत, हे कोणी सांगितले नव्हते. त्यामुळे शब्द कडक राहिला आणि अंमल ढिला. २०१३ च्या करारात त्या शब्दाच्या जागी सात दिवस हा आकडा आला. जाणूनबुजून सात दिवसांत बदल न कळविणे, किंवा माहिती खरी आहे काय या निबंधकाच्या विचारणेला पंधरा दिवसांहून अधिक काळ उत्तर न देणे, हा कराराचा भंग ठरला व त्यावरून नाव स्थगित किंवा रद्द करता येऊ लागले. क्रमांकांच्या बाबतीत 'आरिन'चा नियम असा की आठ किंवा अधिक क्रमांकांचा जुन्या पद्धतीचा पोटहिस्सा ग्राहकाला दिला तर त्याची नोंद सात दिवसांत दिसली पाहिजे. आणि हे सात दिवस पंचांगाचे, कामकाजाचे नव्हेत.

"ताबडतोब" हा शब्द मला नेहमीच संशयास्पद वाटत आला आहे. ज्याला नियम पाळावयाचा आहे त्याला तो धास्ती घालतो आणि ज्याला मोडावयाचा आहे त्याला पळवाट देतो. आकडा असला की निदान भांडण मिटते. परंतु आकडा ठरविण्यापूर्वी आणखी एक गोष्ट ठरवावी लागते, आणि तिच्याकडे फार दुर्लक्ष होते: दिवस मोजावयाचे कधीपासून?

फोन बदलला तर तारीख निर्विवाद असते. परंतु एक कंपनी दुसरीत विलीन झाली, तर बदल कधी झाला? संचालकांनी ठराव केला त्या दिवशी, मंजुरी मिळाली त्या दिवशी, पैसे चुकते झाले त्या दिवशी, की यंत्रे एका इमारतीतून दुसरीत गेली त्या दिवशी? यांमध्ये महिन्यांचे अंतर असू शकते. सात दिवस यांपैकी कोणत्या दिवसापासून, हे न सांगणारा नियम अर्धाच असतो. घड्याळ बदलापासून न लावता कळण्यापासून लावणे, ही दुसरी रीत. भारत सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी जे निर्देश काढले, त्यांत संगणक सुरक्षेला बाधा आणणारा प्रकार लक्षात आल्यापासून किंवा लक्षात आणून दिल्यापासून सहा तासांत कळवावा असे म्हटले आहे. तिसरी रीत म्हणजे विचारणेपासून मोजणे; वर सांगितलेले पंधरा दिवस त्या जातीचे. तिन्ही रीतींचा गुण वेगवेगळा आहे. पहिली प्रामाणिकावर विसंबते, दुसरीत "मला कळलेच नाही" म्हणण्यास वाव राहतो, तिसरीत निबंधकाला स्वतः उठून काम करावे लागते.

मुदत पाळावयाची कोणी, हा प्रश्नही यालाच जोडून येतो. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात येथे चांगला विवेक दिसतो. त्याच राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवावे आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत. दोघांवर जबाबदारी आहे, पण ज्याचे नाव वहीत अगोदरच आहे त्याला थोडे दिवस, आणि ज्याला नव्याने कागद जमवावयाचे आहेत त्याला अधिक. जमिनीच्या बाबतीत वारसाने वा वाटणीने हक्क मिळाला तर तीन महिन्यांत तलाठ्याला कळवावे असे १९६६ ची संहिता सांगते. मात्र दस्त नोंदविलेला असेल तर कळविण्याची सक्ती नाही. या सूटीमागचे तत्त्व सरळ आहे. जी गोष्ट एका कचेरीला ठाऊकच आहे ती दुसऱ्या कचेरीला सांगण्याचे ओझे नागरिकावर कशाला? हेच तत्त्व इंटरनेटला लावले, तर पोटहिस्स्याची नोंद करण्याचे काम ग्राहकाचे नव्हे, पुरवठादाराचे ठरते, कारण क्रमांक कोणाला दिला हे त्याला देतानाच ठाऊक असते. 'आरिन'ने ते ओझे त्याच्यावरच टाकले आहे आणि म्हणूनच सात दिवस तेथे जाचक वाटत नाहीत.

नाव धारण करणाऱ्याला मात्र तेच सात दिवस कधी कधी जाचक होतात. मोठ्या कंपनीत या कामासाठी वेगळी माणसे असतात. एखाद्या वाचनालयाचे किंवा गावातील शिक्षणसंस्थेचे नाव ज्याच्या ईमेलवर नोंदलेले असते तो बहुधा एखादा शिक्षक किंवा माजी विद्यार्थी असतो. त्याची बदली झाली, तो आजारी पडला, किंवा मधे दिवाळीची सुट्टी आली, तर सात दिवस केव्हा सरले हे कळतही नाही. २०१३ च्या करारात आणखी एक पंधरा दिवसांची अट आहे: नवी नोंदणी किंवा बदल झाल्यावर निबंधकाने ईमेल वा फोन पडताळून पाहावा, आणि उत्तर न आल्यास स्वतः खात्री करावी किंवा नाव स्थगित करावे. पडताळणीचे पत्र नको असलेल्या जाहिरातींच्या ढिगात पडते आणि सोळाव्या दिवशी संकेतस्थळ बंद होते. खोटे नाव देणारा भामटा मात्र त्या पत्रातील दुव्यावर न चुकता बोट ठेवतो. ईमेल त्याचाच असतो. फार आखूड मुदतीत हा दोष नेहमीचाच आहे. ती दुर्लक्ष करणाऱ्याला पकडते, लबाडाला पकडत नाही. शिवाय घाईत लोक काहीतरी भरून मोकळे होतात. मग नोंदीवरची तारीख ताजी आणि मजकूर खोटा. माझ्या मते अशी नोंद शिळ्या नोंदीहून वाईट, कारण शिळी नोंद निदान आपले वय सांगते.

याच्या उलट टोकाला असे बदल आहेत की ज्यांना कोणतीच मुदत लागू पडत नाही. मोठ्या संगणक केंद्रांत आज यंत्र तासाच्या भाड्याने मिळते. क्रमांक सकाळी एकाकडे, दुपारी दुसऱ्याकडे. सात दिवसांनी केलेली नोंद तेथे निरर्थक आहे आणि एका तासात करणे अशक्य. अशा ठिकाणी जाहीर नोंद पुरवठादाराच्याच नावे ठेवावी आणि कोणता क्रमांक केव्हा कोणापाशी होता याची रोजनिशी त्याने आपल्यापाशी जपावी, हाच मार्ग उरतो. 'सर्ट-इन'च्या २०२२ च्या निर्देशांत अशा पुरवठादारांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपून ठेवण्यास सांगितले आहे. त्या पाच वर्षांबद्दल वाद आहेत आणि ते रास्तही आहेत; तो विषय येथे वाढवीत नाही.

मुदत उलटल्यावर काय करावयाचे? नावाच्या बाबतीत निबंधक ते स्थगित करू शकतो. क्रमांकाच्या बाबतीत तसे करणे मोठे जोखमीचे. कारण गट एकाचा असला तरी त्याच्या पोटात शेकडो ग्राहक असतात, आणि गटधारकाने फोन नंबर कळविला नाही म्हणून रुग्णालयाचे जाळे तोडणे हा न्याय नव्हे. म्हणून 'आरिन' दरवर्षी संपर्काच्या माणसाला विचारते, साठ दिवसांची मुदत देते, आणि उत्तर न आल्यास नोंदीवर तसा शिक्का मारते. 'राइप' गैरवापराच्या तक्रारींसाठी दिलेला ईमेल वर्षातून निदान एकदा तपासते. 'ॲपनिक' तशी तपासणी दर सहा महिन्यांनी करते आणि पंधरा दिवसांत उत्तर मागते. कोणी म्हणेल, नुसत्या शिक्क्याने काय होणार? पण पाहणाऱ्याच्या दृष्टीने "या माणसाने उत्तर दिलेले नाही" ही देखील उपयुक्त माहितीच आहे. जन्ममृत्यूच्या नोंदीत आपल्याकडे पायऱ्या आहेत: एकवीस दिवसांत सरळ नोंद, त्यानंतर तीस दिवसांपर्यंत विलंबशुल्क, पुढे वर्षापर्यंत अधिकाऱ्याची लेखी परवानगी, आणि वर्षानंतर दंडाधिकाऱ्याचा हुकूम. दार कधीच बंद होत नाही, फक्त उंबरा चढत जातो. इंटरनेटच्या वहीला मला हा नमुना सर्वांत योग्य वाटतो.

एका गोष्टीचा उल्लेख करावयास हवा. नोंद खरी असणे आणि ती सर्वांना दिसणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. युरोपीय संघाचा खाजगी माहितीच्या रक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू झाला आणि नाव धारण करणाऱ्या व्यक्तींचे पत्ते व फोन जाहीर वहीतून बहुतांशी झाकले गेले. 'कॉम', 'ऑर्ग' यांसारख्या सर्वसाधारण नावांपुरती जुनी 'हूइज' पुरविण्याची सक्तीही २८ जानेवारी २०२५ पासून उठली असून तिच्या जागी नवी पद्धत आली आहे. पत्ता झाकल्यामुळे पाहणाऱ्यांची गैरसोय झाली, हे खरे. पण आपला पत्ता चव्हाट्यावर जाणार नाही अशी खात्री असली तर तो खरा देण्यास माणूस अधिक तयार होतो, हीही बाजू आहे.

तेव्हा सर्व बदलांना एकच आकडा लावणे मला मान्य नाही. हल्ल्याच्या वेळी ज्याला हाक मारावयाची त्या माणसाचा फोन व ईमेल सात दिवसांत बदलला गेलाच पाहिजे. त्याला कागदपत्र लागत नाहीत. पुरवठादाराने दिलेल्या पोटहिस्स्यांनाही सात दिवस पुरेत. संस्थेचे नाव वा मालकी बदलली तर तीस दिवस द्यावेत, आणि ते अधिकृत कागद हाती आल्याच्या तारखेपासून मोजावेत. मात्र जुन्या धारकाने चौदा दिवसांत एवढेच कळवावे की हस्तांतर चालू आहे, म्हणजे नोंदीवर तशी खूण करता येईल. धारक मरण पावला किंवा संस्था बुडाली, तर वारसाला वा कारभार पाहणाऱ्याला तीन महिन्यांहून कमी मुदत देणे अवाजवी होईल. लहान संस्थांना संपर्कासाठी एका माणसाऐवजी दोन नोंदविण्याची सक्ती करावी, आणि त्यांतील एक ईमेल व्यक्तीचा नसून पदाचा असावा. आणि प्रत्येक नोंदीवर, बदल झालेला असो वा नसो, ती शेवटची केव्हा पडताळली ती तारीख छापावी. मग रात्री दोन वाजता वही उघडणाऱ्याला आधी फोन करावा की थेट पुरवठादाराकडे जावे, हे त्या तारखेवरून ठरविता येईल.